फंडवाले दारात येतात तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्याला भांडवल उभारणं नवं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं. तिथला नियम साधा होता: शेअर कितीही घ्या, मत एकच. आज आमच्याकडच्या दूधप्रक्रियेला, बियाण्यांच्या कंपन्यांना, एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या कारखान्यांना जे भांडवल मिळू लागलंय त्याचा नियम उलटा आहे. पैसा घालणाऱ्या खासगी फंडाकडे शेअर वीस-बावीस टक्के असतात, पण मोजक्या मोठ्या निर्णयांत त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही.

मी सनदी लेखापाल आहे. नगर, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यातल्या घरगुती कंपन्यांच्या बाजूने अशा वाटाघाटींत बसत आलो आहे. टर्म शीटवर, म्हणजे सौद्याच्या प्राथमिक अटींच्या कागदावर, ठळक अक्षरांत जो आकडा असतो त्याला आमचे उद्योजक किंमत समजतात. खरी किंमत खालच्या अटींमधून ठरते. त्या अटी कशा वाचायच्या, त्याचे हे अनुभवाचे बोल.

१. आधी फंडाची मुदत विचारा, मग भाव.

फंडाचा पैसा त्याचा स्वतःचा नसतो. पेन्शन संस्था, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी यांनी तो साधारण दहा वर्षांसाठी दिलेला असतो. पहिली चार-पाच वर्षं गुंतवायचं आणि उरलेल्या वर्षांत विकून परत द्यायचं. व्यवस्थापकाला वर्षाला दोनेक टक्के फी आणि ठरावीक परताव्याच्या वर जो नफा होईल त्यात बहुधा वीस टक्के वाटा मिळतो. म्हणून त्याच्या लेखी पैसा किती पट झाला याइतकंच तो किती वर्षांत झाला हेही महत्त्वाचं असतं. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २६ टक्के, पाच वर्षांत दुप्पट म्हणजे १५ टक्के, सात वर्षांत दुप्पट म्हणजे जेमतेम १० टक्के. तुमचा धंदा तोच, नफा तोच, पण त्याच्या हिशोबात कामगिरी निम्म्याहून खाली येते.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीत राबो समूहाशी निगडित इंडिया अ‍ॅग्री बिझनेस फंड आणि फ्रान्सची विकास वित्तसंस्था प्रोपार्को यांनी २०१२ मध्ये पैसा घातला. २०१५ च्या ऑगस्टअखेर कंपनीचा आयपीओ आला. त्याच आठवड्यात, २४ ऑगस्टला, जगभरचे शेअर बाजार कोसळले होते. १४० ते १४७ रुपयांचा किंमतपट्टा ११५ ते १२६ वर आणावा लागला, मुदत वाढवावी लागली आणि शेअर शेवटी ११५ ला गेला. पुढच्या वर्षी मंचरच्या पराग मिल्क फूड्सलाही पट्ट्याची खालची कड २२० वरून २१५ वर आणावी लागली. तिथेही खासगी फंड आत होते. बाजार सुधारेपर्यंत दोन वर्षं थांबू, ही चैन एकट्या मालकाला परवडते. बाहेर पडण्याची तारीख करारात लिहून दिलेल्या कंपनीला ती परवडेलच असं नाही.

म्हणून पहिल्याच बैठकीत विचारावं: हा फंड कोणत्या वर्षी सुरू झाला? सातव्या वर्षातला फंड दोन रुपये जास्त देत असेल, तरी मी तिसऱ्या वर्षातल्या फंडाकडे जाईन.

२. एबिटडा तुमचा नसतो, त्यांनी मान्य केलेला असतो.

चालत्या कंपनीचं मूल्य बहुतेक वेळा एबिटडाच्या पटीत निघतं. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. समजा, पट बारा ठरला. मग एबिटडातला प्रत्येक कोटी बारा कोटींचा होतो. सगळी लढाई इथे असते आणि आमचे लोक नेमके इथेच बेसावध असतात, कारण त्यांना वाटतं ऑडिट झालेला आकडा म्हणजे अंतिम आकडा.

घरगुती कंपनीचा एबिटडा घराशी गुंतलेला असतो. कारखान्याखालची जमीन वडिलांच्या नावावर, भाडं शून्य. फंडाचे लेखापाल बाजारभावाने भाडं धरतात आणि नफा खाली येतो. दोघं भाऊ दिवसरात्र राबतात आणि नावापुरता पगार घेतात. उद्या बाहेरून मुख्याधिकारी आणावा लागला तर काय पगार द्यावा लागेल, तो धरतात. नफा आणखी खाली. उलट बाजूही असते. घरच्या गाड्यांचं डिझेल, मुलांच्या परदेशवारीचा खर्च, एकदाच झालेला कोर्टाचा खर्च या गोष्टी नफ्यात परत मिळवता येतात. पण त्या मालकाने स्वतः, पुराव्यासकट, पहिल्या दिवशी मांडल्या तरच. तपासणी संपल्यावर आठवलेल्या खर्चावर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुधाच्या धंद्यात हे फार नाजूक असतं. पुष्टकाळात दूध वाढतं, संकलनाचा दर पडतो, जादा दुधाची भुकटी करून ठेवतात. कृशकाळात दूध महागतं आणि तीच भुकटी कामी येते. भुकटीचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराबरोबर वरखाली होतो. ज्या वर्षी साठा स्वस्तात केला आणि भाव चढले, त्या वर्षीचा नफा दिसायला देखणा, पण तो धंद्याचा नव्हे, साठ्याचा नफा असतो. जाणता फंड तीन वर्षांची सरासरी काढतो, प्रतिलिटर मार्जिन वेगळं काढतो, पिशवीतलं दूध, भुकटी आणि इतरांसाठी प्रक्रिया करून दिलेला माल यांचे तीन वेगळे हिशोब मागतो. पनीर, दही, चीज यांच्या नफ्याला मोठा पट लावतो, भुकटीच्या नफ्याला लहान. हे आधी माहीत असेल तर उद्योजकाने आपले हिशोब दोन वर्षं आधीपासून तसेच ठेवावेत. एकाच ढिगातला नफा नेहमी सगळ्यात कमी पटाने मोजला जातो.

कागदपत्रांचंही तसंच. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, बिनशेतीचा आदेश अर्ध्याच गटाचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती जुन्या क्षमतेची. यातलं काहीही सौदा मोडण्याइतकं मोठं नसतं. पण प्रत्येक त्रुटीपोटी थोडी रक्कम रोखून धरली जाते आणि ती सोडवून घ्यायला वर्षं लागतात.

३. चारशे ऐंशी कोटींचे साडेतीनशे कसे होतात, ते मालकाने स्वतः करून पाहावं.

एबिटडा ४० कोटी, पट १२. धंद्याचं मूल्य ४८० कोटी. गावात हाच आकडा फिरतो. त्यातून निव्वळ कर्ज १३० कोटी गेलं की शेअरचं मूल्य ३५० कोटी उरतं. फंड १०० कोटी नवे घालणार असेल तर प्रश्न येतो: हे ३५० कोटी पैसा येण्याआधीचं मूल्य की नंतरचं? आधीचं असेल तर एकूण ४५० होतात आणि फंडाला २२ टक्के मिळतात. नंतरचं असेल तर साडेअठ्ठावीस टक्क्यांहून जास्त. एका शब्दावर सहा टक्क्यांहून जास्त कंपनी जाते.

‘निव्वळ कर्ज’ हाही दिसतो तितका सरळ शब्द नाही. बँकेचं कर्ज त्यात असतंच. पण कामगारांची ग्रॅच्युइटी, थकलेला कर, वादातली वीजबिलं आणि मुदत उलटलेली देणीसुद्धा त्यात ओढली जातात. दूध उत्पादकांना पगार दर दहा दिवसांनी द्यायचा असतो. सौद्याच्या आधी तो महिनाभर लांबवला तर बँकेत रोकड फुगलेली दिसते आणि कर्ज कमी झाल्यासारखं वाटतं. समोरचा लेखापाल ही क्लृप्ती पहिल्या तासात ओळखतो, लांबलेला पगार कर्जात टाकतो आणि मालकाविषयीचं त्याचं मत कायमचं बदलतं. गोठ्यातल्या माणसाचे पैसे अडवून ताळेबंद सजवणं मला तसंही मान्य नाही.

४. नव्या कंपनीचं मूल्यांकन उलट्या दिशेने होतं.

ज्या स्टार्टअपला अजून नफाच नाही, तिथे एबिटडा कुठून आणणार? व्हेंचर फंड शेवटाकडून सुरुवात करतो. समजा, सहा वर्षांनी कंपनी ६०० कोटींची होईल असा अंदाज आहे. फंड ५ कोटी घालतो आणि त्याला दहापट हवेत, म्हणजे ५० कोटी. तर विक्रीच्या दिवशी त्याच्याकडे सव्वाआठ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा हवा. पण मधल्या फेऱ्यांत नवे गुंतवणूकदार येतील आणि त्याचा हिस्सा साठ टक्क्यांवर येईल. म्हणून तो आज सुमारे १४ टक्के मागतो. ५ कोटींना १४ टक्के म्हणजे कंपनीचं आजचं मूल्य, पैसा आल्यानंतरचं, ३६ कोटी.

दहापट हा आकडा ऐकून आमच्याकडचे तरुण संतापतात. पण फंडाच्या वीस कंपन्यांतल्या बऱ्याच बुडणार, काही जेमतेम मुद्दल देणार आणि दोन-तीन सगळ्यांची भरपाई करणार, हे गृहीत धरूनच तो आकडा आलेला असतो. त्यावर वाद घालून उपयोग नाही. वाद घालायचा तो सहाशे कोटींवर आणि मधल्या घटीवर. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडून ठिबकचं किंवा माती परीक्षणाचं तंत्र विकसित करणाऱ्या मुलाने बाजार किती मोठा आहे हे पुराव्यानिशी दाखवलं, तर मूल्य तिथे हलतं.

५. सीसीपीएसची पानं रात्री नव्हे, सकाळी वाचा.

फंड साधे शेअर क्वचितच घेतो. त्याचे शेअर सक्तीने रूपांतर होणारे प्राधान्य शेअर असतात, ज्यांना सगळे सीसीपीएस म्हणतात. परदेशी पैशाला तर आपल्या परकीय चलन नियमांप्रमाणे सक्तीने रूपांतर होणारंच साधन चालतं. मुद्दल परत देण्याची हमी असलेलं साधन भागभांडवल म्हणून धरत नाहीत. या शेअरला जोडून येणारा प्राधान्याचा हक्क म्हणजे कंपनी विकली तर आधी पैसे कोणाला.

तिसऱ्या मुद्द्यातल्याच कंपनीचं बघू. फंडाचे १०० कोटी, हिस्सा २२ टक्के. चार वर्षांनी धंदा मंदावला आणि कंपनी २५० कोटींना विकली. साध्या हिश्शाने फंडाला ५५ कोटी मिळाले असते. एकेरी प्राधान्य असेल तर तो १०० कोटी उचलतो आणि मालकाला १५० उरतात. पण शेअर ‘सहभागी’ असतील तर आधी १०० उचलून उरलेल्या १५० मध्येही तो २२ टक्के मागतो; त्याला १३३ आणि मालकाला सुमारे ११७. टर्म शीटवरच्या ठळक आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. समोरच्याने पट १२ वरून १३ केला आणि त्याच बैठकीत एकेरीच्या जागी ‘सहभागी’ आणलं, असं मी पाहिलं आहे. घरात त्या रात्री पेढे वाटले गेले.

पुढची फेरी कमी भावाने झाली तर काय, हे दुसरं कलम. फंडाने शंभर रुपयांनी शेअर घेतला आणि पुढचा गुंतवणूकदार साठ रुपयांनी आला. पूर्ण संरक्षण असेल तर फंडाचा भावही साठ धरला जातो आणि सगळी झळ प्रवर्तकाला बसते. भारित सरासरीचं सूत्र असेल तर झळ वाटली जाते. भारित सरासरीच मागावी. बहुतेक फंड ती देतात, पण मागावी लागते.

६. नकाराधिकाराची यादी छोटी करून घ्या.

नवं कर्ज, नवा कारखाना, नातेवाइकांच्या कंपनीशी व्यवहार, लेखापरीक्षक बदलणं यांना फंडाची संमती लागणं रास्त आहे. पण यादी कधीकधी अमुक रकमेवरच्या प्रत्येक खरेदीपर्यंत जाते. आमच्याकडे पुष्टकाळात बल्क कूलर आठ दिवसांत बसवावे लागतात. मुंबईहून सही येईपर्यंत दूध दुसऱ्या संघाकडे गेलेलं असतं. अंदाजपत्रकात मंजूर झालेल्या खर्चाला पुन्हा संमती नको, ही एक ओळ घालून घ्यावी. आणि फंड विकेल तेव्हा तुम्हालाही ओढून विकायला लावणारं कलम असेल, तर ते किती वर्षांनी आणि किती किमान भावाला लागू होईल हे आकड्यात लिहून घ्यावं.

७. पूर्ण ताबा घेणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि तेही आपल्या एमआयडीसीतून गेलंय.

नगरच्या एमआयडीसीत क्रॉम्प्टनचे पंप तयार होतात. २०१५ मध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हजने पंखे, दिवे, पंप हा ग्राहकोपयोगी धंदा वेगळ्या कंपनीत काढला आणि प्रवर्तकांचा ३४.३७ टक्के हिस्सा अ‍ॅडव्हेंट इंटरनॅशनल आणि टेमासेक यांनी २,००० कोटींना घेतला. म्हणजे अख्ख्या कंपनीला त्यांनी सुमारे ५,८०० कोटींचं मोल दिलं आणि एक तृतीयांश हिश्शावर सूत्रं हातात घेतली. नवी व्यवस्थापक मंडळी आली, कंपनी २०१६ मध्ये बाजारात नोंदली गेली आणि पुढे गुंतवणूकदारांनी टप्प्याटप्प्याने शेअर विकले.

परदेशात अशा सौद्यांत कर्जाचा वाटा मोठा असतो. ५० कोटी एबिटडाची कंपनी दहा पटीने ५०० कोटींना घेतली, त्यातले ३०० कर्जाऊ. पाच वर्षांनी एबिटडा ७० आणि पट तोच धरला तर मूल्य ७००. कर्ज फिटत १५० वर आलं तर हाती ५५०. घातलेले २०० पावणेतीन पट झाले, वर्षाला सुमारे २२ टक्के. या साडेतीनशे कोटींच्या वाढीतले दीडशे केवळ कर्ज फेडण्यातून आले, आणि ते फेडलं कारखान्यानेच. आपल्या बँकांवर शेअर खरेदीसाठी कर्ज देण्याचे कडक निर्बंध दीर्घकाळ राहिले, त्यामुळे इथले सौदे मुख्यतः धंदा वाढवूनच फळले. कामगारांच्या दृष्टीने मला ही चांगली गोष्ट वाटते.

दुसरं उदाहरण एल अँड टीच्या स्विचगिअरचं. नगरला कारखाना असलेला तो विभाग १४,००० कोटींना घेण्याचा सौदा श्नायडर इलेक्ट्रिकने टेमासेकला बरोबर घेऊन मे २०१८ मध्ये जाहीर केला. स्पर्धा आयोगाच्या अटींतून जात तो ऑगस्ट २०२० मध्ये पूर्ण झाला. एकत्रित कंपनीत टेमासेकचा हिस्सा ३५ टक्के होता आणि तो साडेपाच अब्ज युरोंना विकत घेण्याचा करार श्नायडरने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. टेमासेक ही सिंगापूर सरकारची गुंतवणूक कंपनी. तिला दहा वर्षांत फंड गुंडाळायचा नसतो. मुदतीचा मुद्दा मी पहिल्यांदा लिहिला तो यासाठीच.

८. भावावर एकमत होत नसेल तर काही रक्कम भविष्यावर ठेवता येते.

श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची टिळकनगर इंडस्ट्रीज १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्स म्हणून सुरू झाली. तिने जुलै २०२५ मध्ये पेर्नो रिकाकडून इंपीरियल ब्लू ही व्हिस्की घेण्याचा करार जाहीर केला. मूल्य सुमारे ४,१५० कोटी. त्यातले २ कोटी ८० लाख युरो सौदा पूर्ण झाल्यावर चार वर्षांनी, तेही अटींवर द्यायचे. विकणाऱ्याला आशा मोठी आणि घेणाऱ्याला शंका मोठी असेल, तर असा मधला मार्ग निघतो. फक्त अट विक्रीवर हवी की नफ्यावर, आणि हिशोब कोण लिहिणार, हे नक्की करावं. ताबा दुसऱ्याकडे गेल्यावर नफा दाखवणं त्याच्याच हातात असतं.

९. धंदा विकला आणि शेअर विकले, यांत पैसा वेगळ्या खिशात जातो.

प्रभातचा दूधधंदा जानेवारी २०१९ मध्ये १,७०० कोटींना फ्रान्सच्या लॅक्टॅलिस समूहाने तिरुमला मिल्क प्रॉडक्ट्समार्फत घ्यायचं ठरवलं. तिरुमलाही तशाच वाटेने आली होती: २०१० मध्ये कार्लाइलने पैसा घातला आणि २०१४ मध्ये लॅक्टॅलिसने कंपनी घेतली. प्रभातच्या सौद्यात विकला गेला तो धंदा आणि उपकंपनी. त्यामुळे पैसा नोंदणीकृत कंपनीकडे आला, भागधारकांच्या खात्यात नव्हे. त्यांना किती आणि कधी मिळणार हा प्रश्न पुढे सेबीपर्यंत गेला. फंड अशा विक्रीची कलमं आधीच लिहून घेतो. गावातल्या ज्या शिक्षकाने, डॉक्टरने आयपीओत शेअर घेतले असतील, त्याच्याकडे असं कलम नसतं. अशा ठरावावर मतदानाचा कागद येतो तेव्हा त्याने तो वाचून मत द्यावं.

१०. शेतकऱ्यांची कंपनी असेल तर फंडाला वरच्या मजल्यावर घेऊ नका.

जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत आणि फंड आता त्यांच्याकडेही येतात. कायद्याने अशा कंपनीचे सभासद उत्पादकच असू शकतात. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने वाट काढली ती उपकंपनीची. वर शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी तशीच ठेवली आणि २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को यांचे ३१० कोटी रुपये सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर या खालच्या कंपनीत घेतले. प्रभातमध्ये आलेली प्रोपार्को इथेही दिसते. साधनं तीच, गुंतवणूकदारही तशाच प्रकारचे, पण वरचं घर शेतकऱ्यांच्या नावावर राहिलं.

या रचनेत एक करार सगळ्यात जपून लिहावा लागतो: वरच्या कंपनीकडून खालची कंपनी माल कोणत्या भावाने घेणार. खालच्या कंपनीचा एबिटडा वाढवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शेतकऱ्याला दर कमी देणं, आणि दुधाच्या कंपनीत पट बारा असेल तर लिटरमागे वाचवलेल्या प्रत्येक रुपयाचे मूल्यांकनात बारा होतात. फॅट आणि एसएनएफप्रमाणे दराचं सूत्र, दहा दिवसांचा पगार, तो चुकला तर व्याज, आणि सूत्र बदलायचं तर वरच्या कंपनीच्या सभेची मंजुरी, हे चारही मुद्दे गुंतवणुकीच्या करारातच हवेत. परदेशी विकास वित्तसंस्थांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीची कलमं स्वतःच हवी असतात, त्यामुळे हे मागायला त्यांच्यासमोर अडचण येत नाही. अडचण येते ती आपल्या बाजूला: मसुदा तयार होतो तेव्हा दूध घालणाऱ्यांपैकी कोणी खोलीत नसतं. सध्या मी ज्या उत्पादक कंपन्यांचं काम पाहतो, त्यांना मसुद्याच्या पहिल्या बैठकीला दोन उत्पादक संचालक घेऊनच यायला सांगतो.